कादंबरीचा मूकपट : ‘सिंहगड’
(रेडिओवरील भाषण)



हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आपणांपैकी पुष्कळांनी वाचलेली असेल. ज्यांनी वाचली नसेल त्यांनीही तिचे नाव ऐकलेले असेलच. या कादंबरीवरून १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ नावाचा मूकपट काढला. त्या मूकपटासंबंधी आज आपणांशी चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

मी इतिहाससंशोधक नव्हे, आणि चित्रपटाच्या धंद्याशीही माझा कधी संबंध आला नाही. मॅट्रिक होऊन मी शाळामास्तर झालो व घाटकोपरच्या एका शाळेत मुलांस मराठी आणि इतिहास शिकवीत आयुष्य घालविले. तेव्हा या विषयाकडे मी मास्तराच्या दृष्टीने पाहणार हे ओघानेच आले. मास्तराला दोन प्रश्न पडतात. जी कादंबरी पानोपानी बोलते, ती न बोलणाऱ्या पडद्यावर गेली कशी? आणि तो पडदा कोरा झाल्यावर आपल्यापाशी शिल्लक काय राहिले?

प्रथम मूळ कथेकडे वळू. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांस तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत कोंढाणा हा एक होता. पुढे १६७० च्या फेब्रुवारीत, माघ वद्य नवमीच्या रात्री, तानाजी मालुसरे यांनी निवडक मावळ्यांसह कडा चढून तो परत घेतला. किल्लेदार उदेभान राठोड पडला आणि तानाजीही पडले. त्यांचे बंधू सूर्याजी यांनी मावळ्यांस धीर देऊन काम तडीस नेले. इतका भाग इतिहासाचा आहे. महाराजांच्या मागे थोड्याच वर्षांनी कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजीस बखर लिहिली. तीत हा प्रसंग थोडक्या शब्दांत आला आहे. गड हाती आल्याची खूण म्हणून पागेच्या गवती छपरांस आग लाविली, आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे तो सांगतो.

यानंतर आला शाहीर. तुळशीदासाच्या पोवाड्याने या प्रसंगास रायबाचे लग्न दिले, यशवंती घोरपड दिली, ऐंशी वर्षांचा शेलारमामा दिला. बखरीत ज्या गोष्टीस चार ओळी पुरल्या, तीच डफ-तुणतुण्यावर रात्रभर गाता येईल अशी झाली. हा पोवाडा १८९१ साली ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहात छापला गेला, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून तो गावोगावच्या माणसांच्या कानी होता.

तिसरा हात हरिभाऊंचा. हरिभाऊ १८६४ साली जन्मले आणि १९१९ साली वारले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या आठवड्या-आठवड्यास वाचकांच्या हाती दिल्या. ‘गड आला पण सिंह गेला’ ही १९०३-०४ च्या सुमाराची. हरिभाऊंनी पोवाड्यातील वीररसाच्या जोडीस एक करुण कथा आणली. पतीच्या मागे सती जाण्यास निघालेली रजपूत स्त्री कमलकुमारी, तिला बळाने पळवून आणणारा उदेभान, आणि गडावर बंदीत पडलेल्या त्या स्त्रीची सुटका. यामुळे गड घेणे हे राजकारण राहिले, शिवाय एका अबलेच्या अब्रूचे रक्षणही झाले. वाचकाचे मन या दुसऱ्या धाग्यात अधिक गुंतले यात नवल नाही. कमलकुमारी इतिहासात नाही, पोवाड्यातही नाही. ती हरिभाऊंची मानसकन्या आहे, हे कृपा करून ध्यानात ठेवावे. पुढे तिचे काम पडणार आहे.

कादंबरीच्या नावाविषयीही एक गोष्ट सांगावयास हवी. तानाजी सिंहासारखे पडले म्हणून कोंढाण्यास सिंहगड म्हणू लागले, असे आपण सर्व लहानपणी शिकलो. परंतु १६७० च्या पूर्वीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव आढळते, असे इतिहाससंशोधकांनी दाखविले आहे. म्हणजे नाव आधीचे होते आणि कथेने त्याला नवा अर्थ दिला. लोकांनी हा अर्थ पत्ररूप पुराव्याहून अधिक जपला.

आता कोल्हापुराकडे येऊ. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांस आपण बाबूराव पेंटर म्हणतो, हे १८९० साली कोल्हापुरास जन्मले. शाळेचे शिक्षण बेताचे, पण हात विलक्षण. त्यांनी व त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळविले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लागला, आणि या दोघां भावांच्या मनाने चित्रपटाचा ध्यास घेतला. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा स्वतःच बनवावयाचा असे ठरले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी शिष्यांच्या मदतीने तो कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यास आर्यन सिनेमात लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. फाळक्यांच्या आरंभीच्या चित्रांत स्त्रियांची कामे पुरुष करीत. येथे गुलाबबाई, म्हणजेच कमलादेवी, यांच्यासारख्या स्त्रिया पडद्यावर आल्या. त्या काळी हे किती धाडसाचे होते याची कल्पना आज करणे कठीण आहे.

या मंडळीने तीन वर्षांनी ‘सिंहगड’ हाती घेतला. छायाचित्रणाकडे दामले व फत्तेलाल, भूमिकांत बाळासाहेब यादव, झुंझारराव पवार, कमलादेवी. शिवाजीमहाराजांची भूमिका बाबूरावांनी स्वतः केली. आणि शेलारमामा? ऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्या वीराचे काम केले एकवीस-बावीस वर्षांच्या एका तरुणाने. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. पुढे सारा देश त्यांस व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला.

कादंबरीचा मूकपट करणाऱ्यापुढे पहिली अडचण शब्दांची. हरिभाऊंची लेखणी प्रसंग सांगते, मध्येच थांबून वाचकांशी बोलते, पात्रांच्या तोंडी लांब भाषणे घालते. मूकपटास यांतले काहीच करता येत नाही. दोन दृश्यांच्या मध्ये पडद्यावर अक्षरांची पाटी येई, पुष्कळदा एकीहून अधिक भाषांत. ती वाचून होते न होते तो पुढचे दृश्य सुरू. अशा पाटीवर किती मजकूर मावणार? सबंध प्रकरणाचे काम एका वाक्याने भागवावे लागे. उरलेले काम चेहऱ्याने, हातवाऱ्यांनी, पोशाखाने, शस्त्राने आणि मागच्या देखाव्याने करावयाचे. येथे बाबूरावांचे पडदे रंगविण्याचे शिक्षण उपयोगी पडले. भाषणाच्या जागी चित्र कोणते बसेल, हा प्रश्न चितारी जितक्या सहज सोडवील तितक्या सहज लेखक सोडवू शकणार नाही.

दुसरी अडचण रात्रीची. या कथेचा प्राणच रात्रीत आहे. कडा चढावयाचा तो अंधारात, लढाई अंधारात, गड आल्याची खूण ती आगीच्या उजेडाची. आणि त्या काळची फिल्म तर मंद. भरपूर सूर्यप्रकाश असल्यावाचून तीवर चित्र उमटत नसे. म्हणून सर्वत्र चाल अशी होती की रात्रीचे दृश्य भर दुपारी घ्यावयाचे आणि ती फीत निळ्या रंगात बुडवावयाची. निळे दिसले की प्रेक्षकांनी रात्र समजावी. बाबूरावांनी ‘सिंहगडा’साठी कृत्रिम दिवे वापरले, आणि आपल्या देशात चित्रणास असे दिवे लावण्याचा हा आरंभीचा प्रयोग म्हणून चित्रपटाचे इतिहासकार त्याची नोंद करतात. मला या गोष्टीत मोठे औचित्य दिसते. दुसरी एखादी पौराणिक कथा असती तर सूर्यप्रकाशात निभावले असते. या कथेने रात्र मागितली, आणि रात्र हवी म्हणून दिवे आणावे लागले.

तिसरी गोष्ट अडचण नव्हती. ते बाबूरावांचे भाग्य होते. पडदा मुका होता खरा, पण समोर बसलेला प्रेक्षक मुका नव्हता. त्याच्या कानात पोवाडा होता. त्याच्या घरी, निदान शेजारी, ‘करमणुकी’चे अंक किंवा कादंबरीची प्रत होती, आणि ज्यास वाचता येत नव्हते त्याने ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली होती. पडद्यावर म्हाताऱ्याने हात उंचावला की तो काय म्हणत आहे हे पाटीवाचून कळत होते. रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेला बाप लग्न मागे ठेवतो, हा प्रसंग कोणास समजावून सांगावा लागला असेल? चित्रगृहात पेटी-तबला वाजे आणि प्रेक्षकांतले जाणते लोक शेजाऱ्यास मोठ्याने सांगत. अशा रीतीने त्या मुक्या चित्रास वाणी मिळे, ती पाहणाऱ्यांची. बाबूरावांनी जे दाखविले त्याहून अधिक प्रेक्षक पाहत होते, कारण उरलेले त्यांनी घरून आणले होते.

याच काळात परदेशीही हेच चालले होते. स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ १९१३ सालीच पडद्यावर गेली होती. ड्यूमाचे ‘तीन शिलेदार’ घेऊन डग्लस फेअरबँक्स १९२१ साली आला. ह्यूगोच्या नोत्र दामच्या कुबड्यावरील प्रसिद्ध अमेरिकन मूकपट तर ‘सिंहगडा’च्याच साली, १९२३ मध्ये निघाला. तिकडेही लोक कादंबरी मनात घेऊन चित्र पाहावयास जात. आपला फरक एवढाच की आपल्याकडे कादंबरीच्या मागे पोवाडा उभा होता, आणि पोवाड्यास अक्षरओळख लागत नाही.

मुंबईत या चित्रास गर्दी लोटली. आमच्या या उपनगरांची स्थिती तेव्हा कशी होती? मुंबई उपनगर जिल्हा निर्माण होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही भातशेतीच्या मध्ये वसलेली लहान गावे होती. विजेची आगगाडी १९२५ साली आली, तेव्हा शहरात जाऊन चित्र पाहावयाचे तर वाफेच्या गाडीने जावे लागे. मालाडास बॉम्बे टॉकीज १९३४ साली निघाली आणि गोरेगावची चित्रनगरी तर त्याहून चाळीसएक वर्षांनी. आज ज्या टापूत चित्रपटांचे किल्ले लाकडा-प्लॅस्टरचे उभे राहतात व मोडतात, तेथे त्या वेळी चित्रपट हा शब्दही फारसा कानावर येत नसावा.

या गर्दीसंबंधी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ‘सिंहगडा’ची गर्दी पाहून सरकारचे डोळे दिपले आणि मुंबई इलाख्यात करमणूक कर बसला. मुंबईचा करमणूक कराचा कायदा १९२३ सालचा आहे, ही गोष्ट खरी. परंतु बंगाल्यात असा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. तेव्हा सरकारची दृष्टी आधीच तिकडे वळलेली होती, या गर्दीने तिला बळकटी आणली असेल, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. तो कर पुढे चौऱ्याण्णव वर्षे टिकला आणि २०१७ साली वस्तू व सेवा करात विलीन झाला. ज्या चित्रावरून तो बसला असे म्हणतात, ते चित्र मात्र इतके टिकले नाही.

येथे मी माझ्या दुसऱ्या प्रश्नाशी येतो. १९३१ साली ‘आलमआरा’ बोलू लागली. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी बाबूरावांकडून बाहेर पडून कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली होती. तिने १९३३ साली हीच कथा बोलपटात पुन्हा केली आणि तिचेही नाव ‘सिंहगड’च ठेवले. दिग्दर्शक होते मूकपटातले शेलारमामा. बोलपट आल्यावर मूकपटांची किंमत संपली. त्यांच्या फिती नायट्रेटच्या. नायट्रेट म्हणजे लवकर कुजणारी आणि त्याहून लवकर पेटणारी वस्तू. तीत चांदीचा अंश असे, म्हणून कित्येक फिती चांदी काढण्यास गेल्या. कित्येक आगीत गेल्या, आणि बाकीच्या पेटीत पडून चिकट होऊन गेल्या. आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले असे मानतात. त्यांतले पुरे किंवा अपुरे असे तीसएकच हाती राहिले आहेत. १९२३ चा ‘सिंहगड’ त्यांत नाही. राहिली ती काही छायाचित्रे आणि पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी.

हे केवळ आपल्याच आळसाने झाले असेही नव्हे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेथील लांब मूकपटांपैकी सुमारे सत्तर टक्के साफ नाहीसे झाल्याचे दाखविले आहे. मघाशी उल्लेखिलेला नोत्र दामचा कुबडाही मूळ मोठ्या फितीवर उरला नाही. घरी दाखविण्यासाठी काढलेल्या लहान मापाच्या प्रतींवरून तो आज पाहता येतो. कोणीतरी कपाटात ठेवल्या म्हणून त्या राहिल्या. आपल्याकडे पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जन्मभर गावोगाव हिंडून जे मिळेल ते गोळा केले. तरी २००३ साली पुण्यातच, जुन्या प्रभातच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फितींस आग लागून अनेक जुनी चित्रे नष्ट झाली.

आता चमत्कार पाहा. कादंबरी कागदावर छापलेली, ती आजही ग्रंथालयात मिळते. पोवाडा तर हवेवरचा, पण तोही टिकला. यंत्राने बांधून ठेवलेले चित्र मात्र गेले. लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट शंभर वर्षे पुरली नाही, आणि तोंडून तोंडी गेलेली तीनशे वर्षे पुरली. याचे कारण मला असे दिसते की पोवाडा प्रत्येक ऐकणाऱ्याच्या ठायी पुन्हा नवा होतो. चित्राची प्रत एका पेटीत असते. ती पेटी गेली की सारे गेले.

परंतु मला खरी काळजी वाटते ती याहून वेगळ्या गोष्टीची. २०२० साली तानाजींवर एक मोठा हिंदी चित्रपट निघाला. तो आमच्या उपनगरांतील चित्रगृहांत चालला आणि आता मुलांच्या हातातील मोबाइलवर चालतो. संध्याकाळी शेजारची दोन-चार मुले माझ्याकडे इतिहासाचा धडा घेऊन बसतात. एकदा त्यांतल्या एका चुणचुणीत मुलीने विचारले, “आजोबा, पुस्तकात कमलदेवीचे नाव का नाही?” मी तिला विचारले, “तुला कमलदेवी कोठे भेटली?” ती म्हणाली, “पिक्चरमध्ये. पिक्चर खरा आहे ना?” मी तिला हरिभाऊंची कादंबरी काढून दाखविली व म्हटले, “ही बघ तिची जन्मपत्रिका.” ती थोडा वेळ पान चाळीत बसली आणि म्हणाली, “म्हणजे हिला या आजोबांनी बनविले?” मी म्हटले, “होय.” त्यावर तिने विचारलेला प्रश्न मला अजून पुरतो आहे : “मग तानाजींना कोणी बनविले?”

या प्रश्नाला उत्तर देणे हे मास्तराचे काम आहे, आणि आई-बापांचेही. उत्तर सोपे आहे. तानाजींना कोणी बनविले नाही, ते होते. पण ज्या रूपात आपण त्यांस ओळखतो ते रूप बखरकाराने, शाहिराने, कादंबरीकाराने आणि चित्रकाराने पाळीपाळीने घडविले. मुलास हे चार हात वेगळे करून दाखविले, तर त्याचा अभिमान कमी होत नाही. उलट तो डोळस होतो. न दाखविले तर दोनच गती आहेत. एक तर ते सारेच खरे मानील, किंवा मोठेपणी एक भाग खोटा निघाला म्हणून सारेच खोटे म्हणेल. दुसरी गती पहिलीहून वाईट.

बाबूरावांच्या प्रेक्षकांस ही अडचण पडली नाही, कारण ते चित्रगृहात येण्यापूर्वीच कथा जाणत होते. चित्र त्यांच्या आठवणीवर उभे होते. आजच्या मुलाची आठवण चित्रावर उभी आहे. आजचे चित्र बोलते, गाते, गडगडते आणि मुलाने घरून काही आणावे अशी त्याची अपेक्षाच नसते. यात चित्र काढणाऱ्यांचा दोष मी मानीत नाही. हरिभाऊंनी कमलकुमारी आणली तेव्हा त्यांनीही कादंबरीकाराचा हक्क बजावला होता. दोष आहे तो मुलास रिकाम्या हाताने चित्रगृहात धाडणाऱ्या आपला.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, घरातल्या मुलांस तानाजींचे चित्र दाखविण्यापूर्वी पोवाडा ऐकवा आणि हरिभाऊंच्या कादंबरीतील दोन प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवा. भाषा जुनी आहे, वाक्ये लांब आहेत. तरी मोठ्याने वाचल्यावर मुले ऐकतात, हा माझा अनुभव आहे. वाचताना हे बखरीतले, हे शाहिराचे, हे हरिभाऊंचे, असे मधून मधून सांगत जा. एक गंमतही सांगा. ‘सावकारी पाश’ या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्याच १९२५ सालच्या मूकपटाची कथाही आपट्यांची, पण ते आपटे नारायण हरि. हरि नारायण वेगळे. नाव उलटे झाले की माणूस बदलतो, हे मुलांस फार आवडते.

दुसरी विनंती जुन्या चाळींतून व बंगल्यांतून राहणाऱ्यांस. कोणाचे आजोबा-पणजोबा चित्रपटाच्या धंद्यात असतील, कोणाच्या माळ्यावर पत्र्याचे गोल डबे, जुनी जाहिरातपत्रके, छायाचित्रे पडलेली असतील. ती रद्दीत घालू नका. डब्यांत फीत असेल तर ती उन्हात किंवा दिव्याजवळ उलगडू नका, कारण नायट्रेट फार ज्वालाग्राही असते. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयास कळवा. तेथील जाणते लोक पुढचे पाहून घेतील. ‘सिंहगडा’चा एखादा तुकडा कोठे मिळेलच असे मी म्हणत नाही. पण जे मिळाले ते अशाच कोणाच्या तरी माळ्यावरून मिळाले आहे.

कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून एक स्तंभ उभारलेला आहे. कधी अंबाबाईच्या दर्शनास गेलात तर तोही पाहून या, आणि बरोबर मुले असतील तर हा कॅमेरा कोणी, कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत हाताने घडविला ते त्यांस सांगा.